सेट तुमचा, खरखर शेजाऱ्याच्या टीव्हीत

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच तक्रारीभोवतीचे आहेत: घरातल्या सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवरचा सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ) किंवा हॅम (परवान्यावर चालणारा हौशी रेडिओ) सेटवरून बोलायला सुरुवात केली की घरातली किंवा शेजारची उपकरणं बिघडल्यासारखी वागतात. मुंबईच्या इमारतींत हे जास्त होतं. भिंतीला भिंत लागून घरं, एकाच डक्टमधून उतरणाऱ्या सगळ्यांच्या वायरी आणि प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल, अशी इथली रचना आहे.

प्रश्न : नातेवाइकांनी परदेशातून ४० चॅनेलचा सीबी हँडसेट आणून दिला. हॉलमध्ये बसून एएमवर बोललो की टीव्हीखालच्या साउंडबारमधून माझाच आवाज येतो. टीव्हीचं चित्र मात्र स्वच्छ असतं. सेट खराब आहे का? लो-पास फिल्टर लावू का? (गोरेगाव पूर्व)

सेट खराब नाही, आणि फिल्टरवर पैसे घालवू नका. व्यत्यय दोन दारांनी येतो. पहिल्यात तुमचा सेट २७ मेगाहर्ट्झसोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतांवरही (फ्रिक्वेन्सींवर; यांना गुणक किंवा हार्मोनिक म्हणतात) थोडी शक्ती सोडतो, आणि ती ५४, ८१ किंवा १०८ मेगाहर्ट्झच्या आसपास कुणाच्या तरी उपकरणात शिरते. लो-पास फिल्टर (खालच्या कंप्रता जाऊ देणारा, वरच्या अडवणारा) या दारासाठी. दुसऱ्यात तुमचं २७ मेगाहर्ट्झचं प्रसारण अगदी शुद्ध असतं, पण जवळच्या उपकरणाच्या वायरी अँटेनासारखं काम करतात आणि आतला ट्रान्झिस्टर किंवा आयसी त्याचा डिटेक्टर (लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) होऊन बसतो. एएम, एसएसबी आणि एफएम या लहरीवर आवाज चढवायच्या पद्धती: एएममध्ये तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो, एसएसबीत घोगरा आणि न समजणारा, एफएममध्ये फक्त 'टक्' किंवा आवाज दबल्यासारखा. तुमचं प्रकरण सरळ सरळ दुसऱ्या दाराचं आहे.

प्रसारणाचं विद्युतक्षेत्र उपकरणापाशी किती जोरदार असतं याचा अंदाज घ्यायचा तर वॅटचं वर्गमूळ काढा, ७ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. ५ वॅट आणि ३ मीटर धरले तर उत्तर साधारण ५ व्होल्ट प्रति मीटर येतं. हँडसेटची आखूड अँटेना त्यातलं बरंच वाया घालवते, तरी हॉलमध्ये उरतं ते पुरेसं असतं. घरगुती उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सहनशक्ती तपासतात तेव्हा या कंप्रतांना त्यांच्या वायरींवर १ ते ३ व्होल्ट टाकून पाहतात. म्हणजे साउंडबारवाल्यांनी काही गुन्हा केलेला नाही, तुम्हीच त्याच्या फार जवळ आहात.

आता शोध. बोलत असताना घरातल्या कुणाला तरी साउंडबारचा आवाज कमी-जास्त करायला सांगा. तुमचा आवाजही त्याबरोबर बदलला तर शिरकाव इनपुटच्या वायरीतून आहे. बदलला नाही तर तो स्पीकरच्या किंवा पॉवरच्या वायरीतून आहे. मग एकेक वायर काढून पाहा: आधी एचडीएमआय, मग सबवूफरची. सगळं काढल्यावरही आवाज राहिला तर पॉवर कॉर्ड. अडीच-पावणेतीन मीटरची वायर विशेष संशयित, कारण २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर आणि तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. दोषी वायर सापडली की साउंडबारच्या अगदी तोंडाशी फेराइटच्या रिंगमधून (रेडिओलहरींचा प्रवाह अडवणारी चुंबकीय मटेरिअलची कडी) तिचे पाच-सहा वेढे घ्या. एचडीएमआयच दोषी असेल तर त्याऐवजी ऑप्टिकल ऑडिओ केबल लावा. तिच्यात धातूच नसतो, त्यामुळे ते दार बंद होतं. आणि बोलायला गॅलरीत जा. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र निम्मं होतं.

एक महत्त्वाची गोष्ट. भारतात सीबीला २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झपुरती, जास्तीत जास्त ५ वॅट, आणि अँटेना सेटचीच असावी या अटीवर. परदेशी ४० चॅनेलांच्या सेटमधले १ ते २७ हे चॅनेल या पट्ट्यात बसतात. २८ वा २७.२८५ वर आहे, म्हणजे बाहेर. २८ ते ४० वापरू नका, आणि गच्चीवर बाहेरची अँटेनाही लावू नका. बाहेरची अँटेना हवी असेल तर हॅमचा परवाना घ्या. १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती परीक्षा देता येते, आणि २८ मेगाहर्ट्झचा हॅम पट्टा सीबीच्या शेजारीच आहे.

प्रश्न : माझ्याकडे हॅमचा परवाना आहे. गच्चीवर उभी अँटेना, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ, १०० वॅट. मी बोललो की सोसायटीच्या सीसीटीव्हीत तिरके पट्टे येतात आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांचं ब्रॉडबँड तुटतं. कमिटी म्हणते अँटेना काढा. सुरुवात कुठून करू? (मुलुंड पूर्व)

कमिटीला आधी आठवडाभराची मुदत मागा आणि त्या आठवड्यात प्रसारण कमी शक्तीवर ठेवा. १०० वरून २५ वॅटवर आलात की क्षेत्र निम्मं होतं, समोरच्याला ऐकू येणं मात्र एकाच एस-युनिटने (सेटच्या सिग्नल मीटरवरच्या एका पायरीने) घटतं. शेजाऱ्याला तुम्ही अडवणूक करत नाही आहात हे दिसणं फार मोलाचं असतं.

पहिली चाचणी डमी लोडची. अँटेनाची केबल काढून सेटला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी शक्ती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) जोडा आणि बोला. व्यत्यय तसाच राहिला तर तो सेटच्या पेटीतून किंवा पॉवर सप्लायमार्गे इमारतीच्या वायरिंगमध्ये जातोय. गेला तर अँटेना आणि तिची केबल हे दोनच आरोपी उरले. लोड घरी करता येतो: १ किलोओहमचे ३ वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर २० नग, दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये समांतर जोडा, वायरी शक्य तितक्या आखूड कापा. ५० ओहम आणि ६० वॅट होतात, त्यामुळे ५० वॅटवर चाचणी निर्धास्त करा. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका. ते आतून गुंडाळीच असल्याने या कंप्रतांवर ५० ओहम राहत नाहीत.

दुसरा संशय तुमच्या कोॲक्स केबलच्या (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेल्या अँटेना केबलच्या) जाळीवर. उभ्या अँटेनाला खाली पुरेसे रेडिअल (बुडापासून चहूबाजूंना पसरलेल्या तारा) नसतील तर केबलच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभागच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होतो. मग ती केबल गच्चीपासून तुमच्या घरापर्यंत प्रत्येक मजल्यावर प्रसारण करत उतरते, आणि शेजारून सीसीटीव्ही आणि नेटच्या वायरी उतरत असतातच. मुंबईतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. म्हणून:

प्रत्येक पट्ट्यासाठी निदान चार रेडिअल टाका, २८ ला अडीच मीटरचे आणि २१ ला ३.३५ ते ३.४ मीटरचे. टोकं उघडी ठेवू नका, त्यांच्यावर उच्च व्होल्टेज असतं आणि गच्चीवर मुलं पतंग उडवायला येतात. अँटेनाच्या बुडाशी चोक (जाळीच्या बाहेरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) लावा: २ इंची पीव्हीसी पाइपवर आरजी-५८ कोॲक्सचे सहा-सात वेढे, एकाशेजारी एक, एकाच थरात. केबल साधारण सव्वा मीटर लागते. वेढ्यांचा गुंडाळा करून टेपने बांधला तर पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांशेजारी येतो, आणि त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून प्रवाह चोकला वळसा घालून निघून जातो. असा गुंडाळा केलेले चोक नेहमी दिसतात आणि 'चोक लावूनही फरक नाही' ही तक्रार तिथूनच येते. केबल घरात शिरते तिथे दुसरा चोक लावा.

केबलचा मार्गही बदला. नेट, केबल टीव्ही आणि इंटरकॉमच्या डक्टमधून ती उतरवू नका. दुसऱ्या भिंतीवरून न्या आणि जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. गच्चीवर अँटेना लिफ्टच्या मशीन रूमपासून आणि पंपाच्या स्टार्टरपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात असावी. शक्य असेल तर ती आणखी तीन मीटर उंच करा. मजल्यांवरच्या घरांना त्याचा जो फायदा होतो तो कुठल्याच फिल्टरने होत नाही.

एवढं झालं की शेजाऱ्यांच्या उपकरणांकडे वळा. ब्रॉडबँड फायबरचं असलं तरी अनेक इमारतींत फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून साधी कॅट-५ वायर बाहेरून लोंबत घरात जाते. त्या वायरला कवच नसतं. राउटरजवळ तिचे पाच-सहा वेढे फेराइट रिंगमधून घ्या, राउटरच्या ॲडॅप्टरच्या वायरीचेही घ्या, आणि गच्चीवरच्या पेटीकडच्या टोकालाही तेच करा. फायबर थेट घरात येत असेल तर फक्त ॲडॅप्टरची वायर बघा, काचेच्या तंतूला तुमच्या प्रसारणाचं काही नसतं.

सीसीटीव्हीचं कारण वेगळं. ॲनालॉग एचडी कॅमेऱ्याचा सिग्नल काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे २१ आणि २८ त्याच्या पोटातच पडतात. इथे फिल्टर लावला तर चित्रही जाईल. उपाय एकच, जाळीवरून येणारा प्रवाह अडवायचा: ज्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात त्याच्या केबलला कॅमेऱ्याजवळ आणि डीव्हीआरजवळ (रेकॉर्डरजवळ) फेराइट, आणि बीएनसी कनेक्टर नव्याने बसवणं. मुरगळून टेप लावलेले जोड हमखास सापडतात. कमिटीला या कामाचा खर्च स्वतःहून देऊ करा. चार-सहा रिंगांचा खर्च वादापेक्षा स्वस्त पडतो. शेजाऱ्याचं उपकरण उघडायचं मात्र नाही, बाहेरून जे लागेल तेवढंच. उघडलेला टीव्ही सहा महिन्यांनी कशानेही बिघडला तरी नाव तुमचंच येईल.

प्रत्येक बदलानंतर शेजाऱ्याला फोनवर ठेवून दहा-दहा सेकंद बोला आणि लॉगबुकात कंप्रता, शक्ती, वेळ आणि त्याने काय पाहिलं ते लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्रश्न : सीबी सेटला ऑनलाइन मिळणारा १०० वॅटचा बूस्टर लावला तर चालेल का? सोबत फिल्टर लावीन. (कुर्ला)

नाही. ५ वॅटच्या वर ते बेकायदा आहे. शिवाय स्वस्त बूस्टरमध्ये आउटपुट फिल्टर बहुधा नसतोच, आणि शक्ती २० पट झाली की प्रत्येक शेजाऱ्याच्या वायरीवरचा व्होल्टेज साडेचार पट होतो. बाहेरून लावलेला फिल्टर हार्मोनिक थोपवेल, हे वाढलेलं मूळ प्रसारण थोपवणार नाही.

प्रश्न : २१ मेगाहर्ट्झवर ५० वॅट, गॅलरीच्या ग्रिलला समांतर ताणलेली वायर अँटेना, चांगला लो-पास फिल्टर. डमी लोडवर सगळं शांत. अँटेनावर गेलो की वरच्या घरातला एफएम रेडिओ खरखरतो. पावसाळ्यात त्रास जवळजवळ जातो, दिवाळीनंतर वाढतो. हे ऋतूप्रमाणे का? (वरळी)

प्रश्नातच उत्तर आहे: ग्रिल. फिल्टर त्याचं काम करतोय. हार्मोनिक त्याच्यानंतर, तुमच्या खिडकीबाहेर तयार होत आहेत.

दोन लोखंडी तुकडे एकमेकांवर टेकलेले असतात आणि मध्ये गंजाचा पातळ थर असतो. तो जोड एका दिशेने वीज थोडी जास्त जाऊ देतो, दुसऱ्या दिशेने कमी. म्हणजे तो ओबडधोबड डायोड आहे. अँटेना हातभर अंतरावर असल्याने ग्रिलच्या गजांत २१ मेगाहर्ट्झचा भरपूर प्रवाह वाहतो, तो या जोडातून जाताना वेडावाकडा होतो, आणि ग्रिलच त्याचे गुणक प्रसारित करते. २१.२ चा पाचवा गुणक १०६, म्हणजे एफएम पट्ट्याच्या मध्यापेक्षा वर. पावसात जोड ओला झाला की पाण्यातून आणि मिठातून प्रवाहाला दुसरी वाट मिळते, डायोडपणा जातो. नोव्हेंबरात सगळं कोरडं झालं की परत येतो. समुद्राच्या हवेत असे जोड प्रत्येक इमारतीत शेकड्यांनी असतात: ग्रिलचे रिव्हेट, पावसाळी शेडचे पत्रे आणि त्यांचे हुक, गच्चीवर विसरलेल्या जुन्या दूरदर्शन अँटेना, कपडे वाळवायच्या तारांचे खिळे.

शोधायचं असं. बॅटरीवर चालणारा एफएम ट्रान्झिस्टर १०६ च्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशा जागी ठेवा आणि आखूड अँटेना आत ढकलून घ्या. प्रसारणाची नेमकी कंप्रता पाचने गुणून काटा तिथे आणा. कुणीतरी सेटवर दोन सेकंद दाबा, दोन सेकंद सोडा असं करत राहील. ट्रान्झिस्टरची फुसफुस दर दाबण्याला एकदम शांत होते तिथे गुणक पोहोचतोय. ग्रिलच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. शांतता जिथे सर्वांत गडद तिथे लाकडी काठीने गज ठोका. ठोक्याबरोबर ट्रान्झिस्टर कडकडला की जोड सापडला. हे करताना ग्रिलबाहेर वाकू नका, आणि अँटेनाला हात लावू नका. ५० वॅटला टोकाजवळ चटका बसतो.

सापडलेल्या जोडाचं दोनपैकी एक करा. एकतर तो पक्का जोडा: तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, दोन्ही बाजूंना भोक पाडून कल्हई केलेली तांब्याची वेणी स्टेनलेस बोल्ट आणि दातेरी वॉशरने आवळा, वर ग्रीस आणि मग रेड ऑक्साइड. साधी उघडी तांब्याची वेणी गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर नको, खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात जोड खाऊन टाकते. किंवा तो पूर्ण तोडा: दोन तुकड्यांमध्ये रबर किंवा पीव्हीसीची पट्टी, की धातू धातूला टेकूच नये. वेल्डिंगने जोडलेले सांधे निर्दोष असतात, ते सोडून द्या. वापरात नसलेल्या अँटेना आणि पत्र्याचे तुकडे काढूनच टाका. ज्या ग्रिलवर कुंड्या किंवा एसीचं वजन आहे तिचे बोल्ट मात्र स्वतः सैल करू नका, फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा.

आणि हे सगळं करण्याआधी वायर ग्रिलपासून दीड-दोन मीटर लांब नेता येते का ते पाहा. बांबू किंवा फायबरग्लासची काठी तिरकी बाहेर काढली तरी चालते. गजांमधला प्रवाह कमी झाला की गंजलेले जोड असूनही गप्प बसतात, आणि गुणक मूळ शक्तीपेक्षा कितीतरी वेगाने घटतात.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर 'फेराइट' म्हणून काहीही देतात. काय मागायचं? (गिरगाव)

मटेरिअलचा नंबर मागा. १ ते ३० मेगाहर्ट्झच्या चोकसाठी ३१ नंबर सर्वांत चांगला, ४३ नंबर २७ मेगाहर्ट्झला चालतो. रिंग ६१ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची असेल तर प्लगसकट वायरी ओवता येतात. ६१ नंबरचं मटेरिअल या कामाला घेऊ नका, ते व्हीएचएफच्या (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) वरच्या टोकासाठी आहे. संगणकाच्या जुन्या सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगाही नकोत. त्या लोखंडी भुकटीच्या असतात, फेराइटच्या नव्हेत.

वायरीवर चापासारख्या बसवायच्या स्नॅप-ऑन मण्यांबद्दल गैरसमज फार आहे. वायर एकदाच आरपार गेली तर २७ मेगाहर्ट्झला शंभर-दोनशे ओहमच मिळतात, आणि तेवढ्याने सहसा काही होत नाही. तोच मणी मोठ्या भोकाचा घेऊन वायर तीनदा ओवली तर साधारण नऊपट, कारण विरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. मात्र २७ वर सात-आठ वेढ्यांपुढे जाऊ नका, वेढ्यांमधला कपॅसिटन्स जिंकू लागतो आणि विरोध उलट घसरतो. नंबर नसलेली रिंग घेतलीच तर पाच वेढे मारून नॅनोव्हीएनएवर (हातात मावणारं मोजणी यंत्र) विरोध मोजा. २७ वर हजार ओहमच्या पुढे गेली तर ठेवा. फुटलेल्या जुन्या पिक्चर ट्यूब टीव्हीच्या डिफ्लेक्शन योकमधलं फेराइटही भंगारात मिळतं, आणि अनेकदा चांगलं निघतं. तेही असंच मोजून घ्या.

प्रश्न : सातव्या मजल्यावर राहतो. सेटला चांगलं अर्थिंग हवं म्हणून डक्टमधून जाड वायर थेट तळमजल्याच्या अर्थ पिटपर्यंत नेली. व्यत्यय वाढला, ईएलसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होऊ लागला. (विक्रोळी)

ती वायर सेटपासून काढा. सात मजले म्हणजे वीस मीटरच्या वर, २७ मेगाहर्ट्झच्या जवळजवळ दोन तरंगलांबी. पन्नास हर्ट्झच्या विजेला ती अर्थिंग वाटते, तुमच्या सेटला मात्र ती इमारतभर उतरणारी अँटेना आहे. पहिल्या मजल्यावरही हाच त्रास होतो, कारण मजल्याची उंची साधारण तीन मीटर आणि पाव तरंगलांबी पावणेतीन.

सुरक्षेचं अर्थिंग वेगळं, ते हलवायचं नाही. पॉवर सप्लायची तिसरी पिन जोडलेलीच राहू द्या, ईएलसीबीही बायपास करू नका. पॉवर सप्लायच्या मेन्स कॉर्डचे सहा वेढे ३१ च्या रिंगमधून घ्या. ट्रिप होणं बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. रेडिओलहरींसाठी अर्थिंगऐवजी अँटेनाच दोन्ही बाजूंनी समतोल हवी: हॅम परवान्यावर २८.४ मेगाहर्ट्झला अडीच-अडीच मीटरच्या दोन भुजांचा डायपोल, मधोमध चोक. त्याला जमीन लागतच नाही.

प्रश्न : माझ्यामुळे नव्हे, मलाच त्रास आहे. सकाळी आणि संध्याकाळी ठराविक वेळी २७.१२ च्या आसपास जोरदार गुणगुण येते, १३ आणि १४ चॅनेल बुडतात. (दादर पश्चिम)

खाली किंवा शेजारी फिजिओथेरपीचा दवाखाना आहे का पाहा. शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र (रेडिओलहरींनी शरीराला शेक देणारं) २७.१२ मेगाहर्ट्झवरच चालतं. तो पट्टा उद्योग आणि वैद्यकीय यंत्रांसाठीच राखलेला आहे, आणि सीबी त्यात संरक्षणाशिवाय पाहुणा म्हणून वापरू दिलेला आहे. तुमचे १३ आणि १४ चॅनेल, २७.११५ आणि २७.१२५, बरोबर त्याच्या दोन बाजूंना येतात. तक्रार करण्याजोगं काही नाही. १ ते ५ किंवा २२ ते २७ वर जा. तिथेही ऐकू आलं तर दवाखान्यात नम्रपणे विचारून यंत्राच्या मेन्स कॉर्डला फेराइट लावू देतात का बघा. रुग्णाला लावायच्या इलेक्ट्रोडच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही. उपचाराची शक्ती त्यांतूनच जाते.